जेवणाआधी एक नाव

मोठ्या साहेबांना बारक्या म्हणणारं माणूस साऱ्या देशात एकच उरलं होतं, आणि तेही मनातल्या मनात म्हणायचं. ही त्यांची थोरली बहीण. लोक तिला ताईसाहेब म्हणत आणि म्हणताना आजूबाजूला बघून घेत. सरकारनं तिला चांगला ऐसपैस फ्लॅट दिला होता. खुर्च्या मऊ, नळाला गरम पाणी, दाराशी शिपाई, घरात सोबतीण. शिपाई बाहेरच्याला आत येऊ देत नसे आणि सोबतीण आतलीला बाहेर जाऊ देत नसे. दोघांनी कामाची वाटणी अगदी चोख केली होती. "तुम्ही कशाला त्रास घेता, ताईसाहेब? मी आहे ना," असं सोबतीण इतक्या लाडानं म्हणायची, की ताईला वाटायचं, त्यापेक्षा पायात बेडी घातली असती तर बरं झालं असतं. बेडीला निदान शिव्या तरी घालता येतात.

हे सगळं तिनं सोसलं होतं. सोसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं; लहानपणापासूनचा सराव होता. पण तिला एकुलता एक मुलगा होता. शाळेत चित्रकला शिकवायचा, स्वभावानं गरीब, नाकासमोर चालणारा. थंडी सुरू होता होता एका सकाळी त्याला भर वर्गातून उचलून नेलं.

का नेलं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. दर शनिवारी प्रत्येक शाळेत, कारखान्यात, दवाखान्यात स्वच्छता बैठक भरायची. नाव मोठं छान होतं. झाडू मात्र कुणी आणत नसे. प्रत्येकानं उठायचं आणि आपल्यातल्याच कुणाचा तरी एक दोष सगळ्यांसमोर सांगायचा. याला नाव सांगणं म्हणत. ज्याच्याकडे सांगायला नाव नाही, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे असं धरलं जाई, आणि नाव आठवेपर्यंत त्याला आत ठेवलं जाई. लोक काय, शिकतात. कुणी शेजारणीचं उशिरा येणं सांगे, कुणी कारकुनाचं पेंगणं. ताईचा मुलगा मात्र उठायचा, "माझ्याकडे कुणाचं नाव नाही," म्हणायचा आणि खाली बसायचा. याचा मामा कोण आहे हे ठाऊक असल्यानं सुरुवातीला लोकांनी कानाडोळा केला. मग हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि आपली मान सोडवायला त्यांनी त्याचंच नाव सांगून टाकलं.

ताईनं भावाकडे निरोपावर निरोप धाडले. एकाचंही उत्तर आलं नाही. मुलगा जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा कुणी सांगेना. विचारलं की समोरच्याचे डोळे स्वतःच्या बुटांकडे वळत. रात्र रात्र ती मऊ खुर्चीत बसून असायची आणि सोबतीण पलीकडच्या खुर्चीत बसून तिच्यावर माया करायची.

आणि एके दिवशी व्यवस्थापक उगवला. हा गोल, गुळगुळीत, सतत हात चोळणारा माणूस. मोठ्या साहेबांचं लहानपणीचं घर जमीनदोस्त झालं होतं, ते त्याच जागी पुन्हा उभारायचं काम त्याच्याकडे होतं.

"हुबेहूब करायचंय, ताईसाहेब. तसा हुकूमच आहे. आता आठवणार कुणाला? तुम्हीच काय त्या!"

"साहेब येणार आहेत?"

"उद्घाटनाच्या आधी खासगीत येणार आहेत. तिथंच जेवणार आहेत. तुमच्याबरोबर." एवढं बोलून त्याचाच ऊर भरून आला.

त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही अशी ताईनं शपथ घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथं हजर होती. मुलासाठी ती विस्तवावरूनही चालत गेली असती. हे तर नुसतं घर होतं.

दारावर पितळी पाटी लागली होती: "येथे एका कष्टाळू साबणकाराच्या घरी, मातापित्यांच्या मायेच्या छत्राखाली, साहेबांचे बालपण गेले." ताईनं ती वाचली आणि उंबरा ओलांडला. पुढची खोली जेवणाची. मागे स्वयंपाकघर. त्यामागे साबणाची पडवी: चरबी वितळवायच्या काळ्या कढया, लाकडी साचे, वड्या कापायची तार. आणि शेवटी वाळवणीची खोली, जिथं ताज्या वड्या मांडणीवर रचून महिनोन्महिने वाळू घालत. तिला खिडकी नव्हती. ऊन लागलं की साबण तडकतो.

"टेबल मोठं झालंय," ताई म्हणाली.

"साहेबांना शोभेल असं..."

"लहान होतं. चौघं बसलो की पायाला पाय लागायचे. लहान करा."

सुतारानं टेबल कापलं. ताई पुढे गेली. वाळवणीच्या खोलीच्या दाराशी ती थांबली, दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं.

"कडी आत लावलीत तुम्ही. ती बाहेरून असते."

व्यवस्थापक खिदळला. "बाहेरून? साबण काय पळून जाणार होता का, ताईसाहेब?"

"साबण नाही," ताई म्हणाली.

त्याचं हसू जिथल्या तिथं विरलं. त्यानं सुतारापुढे नुसतं बोट नाचवलं, आणि कडी बाहेर आली.

आता ताईचे वडील दारू पीत नव्हते, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. पोरांना छळणारा बाप म्हटला की लोक लगेच त्याच्या हातात बाटली देतात आणि मोकळे होतात. या माणसानं आयुष्यात कधी बाटलीला हात लावला नाही. नखं स्वच्छ, बोलणं हळू, कामाला वाघ. दिवसभर कढईपाशी उभा राहून चरबीत कॉस्टिक सोडा ढवळायचा, आणि त्याच्या मनानं घेतलं होतं की माणसाचंही तसंच आहे. चरबी घाण असते. सोड्यानं पोळून काढली की तिचाच साबण होतो. घरातली माणसं पोळून काढली तर ती का नाही स्वच्छ होणार?

म्हणून संध्याकाळी टेबलावर ताटं मांडली जायची, पण वाढलं जायचं नाही. वडील खुर्ची ओढून बसायचे, हात पुसायचे आणि विचारायचे, "हं, कुणाचं काय?"

मग प्रत्येकानं दुसऱ्या कुणाचा तरी एक गुन्हा सांगायचा. ज्याचा गुन्हा निघेल तो वाळवणीच्या खोलीत. लहानसा असला तर जेवणं उरकेपर्यंत, मोठा असला तर रात्रभर. ज्याच्याकडे सांगायला काहीच नाही तोही आत, नाव आठवेपर्यंत. स्वतःचं नाव सांगितलेलं चालत नसे. "तो गर्व झाला," वडील म्हणायचे. आत ताज्या साबणाची झळ घशात बसायची, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या, आणि चोळले की आणखी आग. ओरडलं तर आवाज वड्यांत मुरून जायचा.

बारक्या तेव्हा एवढासा होता. पहिल्यांदा त्याला विचारलं तेव्हा तो नुसता रडायला लागला आणि आत गेला. दाराच्या फटीशी तोंड लावून ताई बसून राहिली. आतून आवाज यायचा, "ताई, आहेस ना?" ती म्हणायची, "आहे रे." पुन्हा थोड्या वेळानं, "ताई, आहेस ना?" असं ते चालायचं.

तेव्हा तिनं त्याला शिकवलं. एक दिवस तू माझं नाव सांग, एक दिवस मी तुझं सांगीन. गुन्हा क्षुल्लक असला पाहिजे: पेला फोडला, चूळ भरली नाही, दार आपटलं. "बाबांच्या डोळ्यांत बघायचं. थोडक्यात सांगायचं. आणि रडायचं नाही, रडलं की ते ओळखतात." पाळी कुणाची हे विसरायला नको म्हणून खूणही ठरली. ज्याचं नाव निघणार असेल त्यानं टेबलाखाली दुसऱ्याच्या पायावर पाय ठेवायचा. म्हणजे, सांग, मी तयार आहे. बारक्याचा पाय बारीक आणि बर्फासारखा गार असायचा. पोरगं हुशार. महिन्याभरात असं बेमालूम खोटं बोलायला लागलं की ताईला स्वतःच्याच गुन्ह्याची शंका यावी. तिला त्याचा अभिमान वाटायचा. हो, अभिमानच, उगीच दुसरा शब्द कशाला शोधा?

आई मात्र कधी कुणाचं नाव सांगायची नाही. "माझ्याकडे काही नाही," म्हणायची, स्वतःचं ताट उपडं घालायची आणि आपण होऊन वाळवणीच्या खोलीकडे चालायला लागायची. जेवणापेक्षा तिच्या अंगाला त्या खोलीची जास्त सवय झाली होती. मग ती खोकायला लागली.

आणि एका हिवाळ्यात आईनं निघून जायचं ठरवलं. मांडणीच्या मागे तिनं गाठोडं लपवलं: मुलांचे स्वेटर, पाव, तिच्या बहिणीचा पत्ता. दूधवाल्याची गाडी पहाटे जायची, तो नेणार होता. तिनं ताईला सांगितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. अळीमिळी गुपचिळी. बारक्याला सांगितलं नव्हतं, पण मांडणीमागचा अंधार त्याच्या ओळखीचा होता. ते गाठोडं आधीच त्याच्या हाताला लागलं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाळी बारक्याची होती. त्यानं ताईचं नाव सांगायचं होतं. ताईनं टेबलाखाली पाय पुढे केला, पण त्याचा पाय तिथं नव्हता. त्यानं वडिलांच्या डोळ्यांत बघितलं, थोडक्यात सांगितलं, आणि रडला नाही.

"आईनं मांडणीमागं गाठोडं बांधलंय. ती आम्हाला घेऊन जाणार आहे."

वडिलांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मुलाला उचलून मांडीवर घेतलं आणि आपल्या ताटातला मांसाचा मोठा तुकडा स्वतःच्या हातानं त्याला भरवला. त्या घरात कुणी कुणाला भरवलेलं ताईनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बारक्या तोंड हलवत होता आणि आईकडे बघत होता. आई वाळवणीच्या खोलीत गेली ती जवळजवळ सारा हिवाळा तिथंच होती, आणि बाहेर आल्यावर फार जगली नाही.

तू असं का केलंस, हे ताईनं त्याला आजवर विचारलं नव्हतं. आधी तो लहान होता म्हणून. नंतर तो फार मोठा झाला म्हणून.

घर तयार झाल्यावर तो आला, तो बरोबर दुपारच्या जेवणाला. रस्ता आधीच माणसं हाकलून रिकामा केला होता. ताईनं त्याला कित्येक वर्षांत फक्त भिंतीवरच्या चित्रांत पाहिलं होतं. चित्रांत त्याचे डोळे नेहमी ओले असत आणि खाली लिहिलेलं असे की साहेब जनतेसाठी रडतात. आता तो समोर उभा होता, बुटका, जाड, आणि त्याचे डोळे खरोखरच ओले होते. लहानपणी सोड्यानं पोळलेले ते डोळे, ते कधी कोरडे झालेच नव्हते. सारा देश त्या डोळ्यांवर गाणी म्हणत होता.

त्यानं ताईकडे बघून मान हलवली आणि घर बघायला सुरुवात केली. कढईला हात लावला. तार बोटानं वाजवली. वाळवणीच्या खोलीची कडी काढली, लावली, पुन्हा काढली.

"वास नाही," तो म्हणाला.

व्यवस्थापक पांढराफटक पडला. "वास... साहेब, आणतो वास. उद्याच आणतो."

"बाहेर थांबा."

व्यवस्थापक उलट्या पावली गेला. दार लागलं. टेबलावर पाव, उकडलेले बटाटे, सूप आणि मांस झाकून ठेवलं होतं. ताटं रिकामी होती. मोठे साहेब आधी आपल्या जुन्या जागेच्या खुर्चीमागे उभे राहिले, ती थोडी पुढे सरकवली, मग टेबलाला वळसा घालून गेले आणि वडिलांच्या जागेवर बसले.

ताईनं घरून निघताना काय काय पाठ केलं होतं. आधी तब्येत विचारायची, मग घराचं कौतुक करायचं, मग हळूच विषय काढायचा. ते सगळं ती विसरली.

"बारक्या," ती म्हणाली, "माझा मुलगा दे."

त्या नावासरशी त्याचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग तो हसला. "तुला काय वाटलं, मी विसरलो? आणलाय त्याला."

मागच्या दारानं दोन शिपाई मुलाला घेऊन आले आणि त्याला खुर्चीवर बसवून निघून गेले. त्याला आंघोळ घातली होती. अंगात कुणाचातरी स्वच्छ शर्ट होता, इतका ढगळ की कॉलरमधून नुसती मान वर आल्यासारखी दिसत होती. बोटांची नखं काळीनिळी होती. त्यानं आईकडे बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. ताई जागची हलली नाही. या टेबलाशी बसलं की हलायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

"साधी गोष्ट आहे, भाच्या," मोठे साहेब म्हणाले. आवाज मऊ होता, अगदी वडिलांसारखा हळू. "एक नाव सांगायचं, जेवायचं आणि आईबरोबर घरी जायचं. तिथल्या लोकांनी तुला फार पीडलं असेल. मी पीडणार नाही. हं, कुणाचं काय?"

ताई पटकन पुढे झाली. "मी सांगते. हा ना, शाळेतले रंग न विचारता घरी आणायचा. लाल तर सगळाच आणला एकदा."

मोठे साहेब खळखळून हसले. "बघ! तुझी आई अजून विसरली नाही. पेला फोडला, दार आपटलं... वा, ताई! आता तुझी पाळी रे."

ताईनं टेबलाखाली पाय पुढे करून त्याच्या पायावर ठेवला, दाबला. त्यानं गोंधळून खाली बघितलं. त्याला कुठून कळणार? ही खूण तिनं त्याला कधी शिकवलीच नव्हती.

"माझं नाव सांग, बाळा," ती म्हणाली. "सांग की आई घरात साहेबांना नावं ठेवते. मी ठेवते खरंच. सांग ना रे. एवढं एक वाक्य."

"आई, तू काय केलंयस?"

"काही नाही केलं! तरी सांग!"

"ऐक तिचं," मोठे साहेब म्हणाले. "तिला काही होणार नाही. माझी बहीण आहे ती. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही, शब्द देतो."

मुलानं जरा विचार केला. वर्गात एखाद्या पोरानं अवघड प्रश्न विचारल्यावर करायचा तसा, मन लावून. "नाव खोटं, आणि तिला काही होणारही नाही. मग ते तुम्हाला हवंय कशाला, मामा?"

मोठे साहेब ताईकडे वळले. "मला तू शिकवलंस. डोळ्यांत बघायचं, थोडक्यात सांगायचं, रडायचं नाही. मी त्याच्यावर जगलो. स्वतःच्या पोराला का नाही शिकवलंस?"

ताईला वाटलं, आता खोटं बोलावं. आयुष्यभर बोलत आली होती, आणखी एक काय जड होतं? पण समोर तो ढगळ शर्ट होता.

"तुला शिकवलं म्हणून," ती म्हणाली.

मोठे साहेब बोटांनी रिकामं ताट फिरवत राहिले. मग खाली बघूनच, भलत्याच लहान आवाजात म्हणाले, "तुला वाटतं मी आईचं नाव मांसाच्या तुकड्यासाठी सांगितलं. इतकी वर्षं तुला तेच वाटतंय. त्या दिवशी तू तापानं फणफणली होतीस, ताई. पाळी माझी होती. तुझं नाव सांगितलं असतं तर तू आत गेली असतीस, आणि त्या थंडीत तू वाचली नसतीस. कुणाचं तरी सांगायला तर हवं होतं, आणि एवढं मोठं की पुढे तुला कुणी विचारणारच नाही. मी गप्प बसलो असतो तर मी आत गेलो असतो, आणि माझ्यानंतर त्यांनी तुलाच विचारलं असतं. मी सगळा विचार केला होता. मला दुसरं काही सापडलं नाही."

ताईला तो ताप आठवला. टेबलाची कड धरून बसली होती ती त्या दिवशी. एवढी वर्षं ज्या गोष्टीसाठी तिनं त्याला मनातून टाकला होता, ती गोष्ट त्यानं तिच्यासाठी केली होती. तिला रडू फुटलं. आईसाठी, बारक्यासाठी, आणि यानंतर या माणसानं जे जे केलं त्याच्या मुळाशी आपला तापच होता की काय, या भीतीनं.

तेव्हा मुलगा बोलला. त्याला बहुतेक वाटलं असावं की इथं कुणीतरी काहीतरी चांगलं बोलायला हवं. तो तसाच होता, रडणारं पोर दिसलं की खडू खाली ठेवणारा.

"तुम्ही लहान होता, मामा," तो म्हणाला. "तुमची काही चूक नव्हती."

मोठ्या साहेबांनी मान वर केली. हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ताईनंसुद्धा नाही. ओल्या डोळ्यांच्या त्या जाड चेहऱ्यात ताईला स्पष्ट दिसलं ते दाराच्या फटीपलीकडचं पोरगं, आणि तिच्या मनात आलं, आता. आता हा उठेल, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवेल, आता सुटलो आम्ही सगळेच.

"तू मात्र लहान नाहीस," मोठे साहेब हळूच म्हणाले. ते मुलाच्या काळ्यानिळ्या नखांकडे बघत होते. "तुझी नखं... तरी तू नाही सांगितलंस. आईचं नाव मागितलं, तरी नाही सांगितलंस. म्हणजे गप्प बसता येतं."

"मामा..."

"म्हणजे गप्प बसता येत होतं."

हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं ते कळलं नाही. पण त्यांचा चेहरा मिटला. वाळवणीच्या खोलीचं दार लागावं तसा मिटला, आणि ताईला कळून चुकलं की आपण आपल्या मुलाला जितकं चांगलं वाढवलं, तितकंच हे दार घट्ट बसलं. तो वाईट निघाला असता तर आज घरी आला असता.

"याला घेऊन जा," मोठे साहेब ओरडले.

शिपाई आत आले. मुलगा उठला. ताई खुर्चीवरून अर्धी उठली होती, ती तशीच राहिली. त्याला जाताना काहीतरी सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. नाव सांग, असं सांगायचं होतं की सांगू नकोस, तिचं तिलाच ठरवता आलं नाही. "नीट जेवत जा रे," एवढंच तोंडातून बाहेर पडलं. तो दारातून म्हणाला, "हो, आई." दार लागलं.

मोठ्या साहेबांनी भांड्यांवरची झाकणं एकेक करून काढली, पाव मोडला, सूप वाढलं. थोडं बाहेर सांडलं. आपल्या ताटात वाढून घेतलेला मांसाचा मोठा तुकडा त्यांनी उचलून ताईच्या ताटात ठेवला.

"जेव, ताई."

"कुठं नेलं त्याला?"

"होता तिथं. आहे तो. जिवंत आहे." त्यांनी डोळे पुसले, आणि चोळल्यामुळे ते आणखी वाहू लागले. "आता दर शनिवारी आपण इथं जेवत जाऊ. तूच एक आहेस, ताई. तू आहेस ना?"

ताईला उत्तर ठाऊक होतं. लहानपणी किती वेळा दिलेलं उत्तर ते, पण आता ते बाहेर पडेना. तेवढ्यात टेबलाखाली तिच्या पायाला काहीतरी लागलं. बूट काढलेला, मोज्यातला एक पाय तिच्या पायावर येऊन टेकला. इतक्या वर्षांनंतरही तो गारच होता.

तिचा पाय आपसूक मागे सरकणार होता. मग तिला तो ढगळ शर्ट आठवला, त्यातून वर आलेली मान आठवली. तिनं पाय होता तिथंच ठेवला.

"आहे रे," ती म्हणाली, आणि घास तोंडात घातला.